खोडलेली अकरा नावं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या गुरुजींचे. परभणीकडच्या आमच्या गावात ते शिक्षक होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. माझा अर्ज त्यांनी भरला, वडिलांची समजूतही त्यांनीच घातली. निवृत्तीनंतर ते भोकरदन तालुक्यातल्या आपल्या मूळ गावी परतले. पुढे फौजदार म्हणून माझी बदली त्याच भागात झाली. तिथलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

चिकुनगुन्याची साथ होती. ताप उतरला तरी सांधे धरलेले राहत. घरंच्या घरं अंथरुणावर. अशात जालन्याच्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर मथळा आला : ‘गूढ तापाचे थैमान, अकरा बळी, प्रशासन झोपेत’. सोबत गुरुजींच्या गावातल्या फळ्याचा फोटो, त्यावर खोडलेली अकरा नावं. इंटरनेट तेव्हा मोजक्यांकडेच होतं, पण कॅफेतून काढलेले प्रिंट बाजारभर फिरले. जीपवाले गुरुजींच्या गावाला जाईनात. वरून आदेश आला, अफवेचं मूळ शोधा.

दुसऱ्या सकाळी एक म्हातारे शेतकरी काठी टेकत ठाण्यात आले. मागे त्यांचा बदनापूरचा जावई.

"सायब, लिहून घ्या. म्या मेलो न्हाई."

"कोण म्हणतं मेलात?"

"ह्यो जावई. पोरीला घेऊन रडत आल्ता. म्या वसरीत भाकर खाऊन राह्यल्तो."

"मामा, कागदावर नाव होतं ना," जावई पुटपुटला.

"मंग कागदालाच सासरा म्हणून ने बदनापूरला."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि विचारलं, "नाव खोडलं कोणी?"

"गुरुजींनी. बरा झालो म्हणून खोडलं."

तिथेच उलगडा झाला. अंथरुणावर असलेल्यांची नावं गुरुजी रोज शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहीत. ती वाचून शेजारी त्या घरी भाकरी-पाणी पोचवत, जनावरांची धार काढत. माणूस हिंडू-फिरू लागला की गुरुजी त्याचं नाव खोडत. अकराच्या अकरा माणसं बरी झाली होती.

वेबसाइटवाल्याला जबाबासाठी बोलावलं. खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो; याच्याकडे तपशीलच नव्हता.

"फोटो एका औषधाच्या एजंटनं पाठवल्ता, सायब. मी बराबर तोच टाकला."

"मेले असं कुठं लिहिलंय त्यात?"

"नावं खोडलीत ना. जित्या माणसाचं नाव कोण खोडतं?"

"गावात फोन केलास?"

"न्हाई. दुसरा कुणी आधी टाकील म्हणून जल्दी केली."

त्याला गावात नेऊन अकरा जणांसमोर उभं केलं. मेलेल्या बायांपैकी एकीनं त्याला चहा पाजला. त्यानं चूक कबूल करून वेबसाइटवर दुरुस्ती टाकली. ताकीद देऊन मी अहवाल पाठवला.

गुरुजींचा फळा मात्र कोरा होता. "माझ्यामुळं गाव बदनाम झालं म्हणतात लोक. आता न्हाई लिहिणार," ते म्हणाले. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. बोटं सुजली होती. परतताना कळलं, फळा पुसल्यापासून चार आजारी घरांत कोणी डोकावलंच नव्हतं. खोट्या बातमीनं कोणी मेलं नव्हतं, पण खरी बातमी बंद पडली होती. तपास संपला म्हणजे काम संपत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. गुरुजींना समोर बसून सांगायची माझी छाती नव्हती. ठाण्यात येऊन पत्र लिहिलं आणि शिपायाबरोबर पाठवलं :

‘ती. गुरुजींस सा. न. वि. वि.

तपास पूर्ण झाला. फळ्यात दोष आढळला नाही. चार घरी जेवण पोचत नाही, म्हणून तो आजच पुन्हा लिहावा. नाव खोडण्याऐवजी पुढे "बरे झाले" लिहिलं तर बाहेरच्यालाही कळेल. तुम्हाला सुचवतो आहे, क्षमा असावी.

पहिलं नाव तुमचं लिहा. खडू धरवत नसेल तर पत्र आणणाऱ्या शिपायाला सांगा, त्याचं अक्षर चांगलं आहे.

तुमचा विद्यार्थी.’