नथीचा दोरा

आमच्या निपाणीच्या घरात खर्चाचा विषय निघाला की आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, म्हण तयार असे: नाकापेक्षा मोती जड. बी.एड.साठी बेळगावला जाते म्हटलं, तेव्हाही तेच. "लई शिकलीस की नवराबी तसाच बघाय लागतोय. नाकापरास मोती जड व्हायचा गं." या म्हणीचा अर्थ मी शाळेत घोकला होता. मूळ गोष्टीपेक्षा वरची गोष्ट डोईजड होणे. पूर्ण गुण मिळाले होते, अक्कल तेवढी मिळाली नव्हती.

बेळगावला गेले, पण सून होऊन. खासबागातल्या सासूबाईंनी लग्नात मला त्यांच्या सासूची नथ घातली. टपोऱ्या मोत्यांची, अस्सल. नाक खाली ओढलं जाऊ लागलं. मग मावशीने नथीला काळा दोरा बांधला आणि गालावरून नेऊन मुंडावळ्यांखाली केसांत खोवला. "मान लई हलवू नगंस," म्हणाली. दिवसभर मी हसले नाही, घास नीट चावला नाही. लोक म्हणाले, पोर शांत आहे. ही म्हण कुणा पंडिताची नव्हे, असा दोरा लावून बसलेल्या एखाद्या बाईच्याच तोंडून निघाली असणार, हे मला तेव्हा पटलं. दुखणं बाईचं आणि खर्चाच्या गप्पांत ते वापरलं पुरुषांनी. याचा राग मला अजून येतो.

आता लेकीचा साखरपुडा आहे. तिला बेंगळूरला नोकरी लागली आहे. मुलाकडचे म्हणतात, खोलीभाडं, येणंजाणं, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा नोकरी सोडून दे. तिने अजून हो म्हटलेलं नाही. ती माझ्या एका शब्दाची वाट बघते आहे, हे मला कळतं. पण सासूबाई, नवरा, होणारे व्याही, सगळ्यांचं आधीच ठरलंय. मी साखरपुड्याच्या याद्या करत राहते.

काल सासूबाईंनी लेकीला घालून बघायला तीच नथ बाहेर काढली.

"चापाची घालते की, आजी," लेक म्हणाली.

"आमच्यात चापाची चालत न्हाय."

लहानपणी टोचलेल्या नाकात नथ अडकवली आणि नाकपुडी लगेच खाली आली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं.

दोरा केसांत खोवत होते, तेव्हा लेकीने माझ्या नाकावरचं लांबट झालेलं भोक बोटाने चाचपलं.

"आई, अजून दुखतंय?"

"न्हाय गं," म्हणाले, आणि उरलेला दोरा दाताने तोडला.