वाणातले एकोणीस डॉलर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं की मी थांबतो, आणि मी थांबलो की चहा निवतो. तर मंडळी, जन्मभर मी लोकांच्या टोप्या उडवल्या. पण अबुधाबीत येऊन माझी स्वतःची जी उडाली ना, ती अजून खाली आलेली नाही!

दोन वर्षं झाली, मी लेकीकडे राहतो. मोहम्मद बिन झायद सिटीत. लेक स्मिता, जावई शिरीष आणि नात अन्वी. ठाण्यात माझी पिठाची गिरणी होती. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून संपलं. इथे दळायला काही नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेतो. वेळ बरा जातो.

जावईबापू गुणी माणूस. दारू नाही, सिगरेट नाही, जेवताना तर आवाजही नाही! नाद एकच, अमेरिकेच्या डॉलरचा. नोट नव्हे हो, नाणं! छोटं, सोनेरी, आपल्या दहाच्या नाण्याएवढं. किंमत साडेतीन-पावणेचार दिरहम, म्हणजे आपले ऐंशी-पंच्याऐंशी रुपये धरा. एका बाजूला त्यांचा कुणीतरी राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मशाल घेतलेली बाई. ही नाणी ठेवायला पुठ्ठ्याचा अल्बम, त्याला गोल गोल भोकं. अध्यक्ष वीस, भोकं चाळीस.

सहा वर्षं हा माणूस ती भोकं भरत होता. ऑफिसातले अमेरिकन सुट्टीवरून आले की कुणी एक आणायचा, कुणी दोन. भरता भरता एकोणचाळीस झाली.

"एकच राहिलंय, बाबा," ते मला म्हणाले. "दुबईजवळच्या जबल अलीचा एक साहेब घेऊन येतोय. शनिवारी जाऊन आणतो, इन्शाल्ला."

एवढं लांब वाक्य ते लग्नातसुद्धा बोलले नव्हते. म्हणजे बघा, जीव किती अडकला होता!

आता त्याच शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. इथल्या मराठी मंडळातल्या एकोणीस बायका येणार. वाण काय? साबणाच्या डब्या! गेल्या साली कुलकर्णीबाईंनी काचेच्या झाकणाचे डबे लुटले होते. तेव्हापासून स्मिता साबणाच्या डबीकडे बघून उसासे टाकत होती. मला बघवेना.

सकाळी जावईबापू गाडी घेऊन गेले, स्मिता तिळगुळाच्या पुड्या बांधत होती. मी सहज अल्बम उघडला. आणि काय बघतो? प्रत्येक चेहरा दोनदा! वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत पुन्हा तोच! चष्मा लावला, नाणी काढून पालथी करून पाहिली. तेच नाक, तेच केस, मागे तीच मशालवाली. म्हटलं, धन्य! एवढा इंजिनियर माणूस, आणि एकेक नाणं दोन-दोनदा घेऊन बसलाय! भोकांखाली बारीक इंग्रजी काहीबाही छापलं होतं, पण ते मी कशाला वाचतोय?

लगेच डोक्यात किडा वळवळला. एकोणीस जोड्या, एकोणीस बायका. देवानेच मांडामांड करून ठेवली होती की नाही? सांगा!

प्रत्येक जोडीतलं जास्त चकाकणारं नाणं उचललं. द्यायचं तर मळकं कशाला द्या? उरलेली वीस वरच्या ओळीत नीट सरकवली. वरची ओळ भरलेली, खालची रिकामी. कसं टापटीप! मग स्मिता स्वयंपाकघरात गेली तसा पुड्या सोडल्या, एकेक नाणं आत सारलं, पुन्हा बांधल्या.

संध्याकाळी काय कल्ला झाला म्हणून सांगू!

"अगंबाई, सोन्याचं की काय गं हे?"

"डॉलर आहे, डॉलर! स्मिता, कमाल केलीस!"

कुलकर्णीबाईंचा चेहरा तर काचेच्या झाकणासारखा झाला. स्मिताला वाटलं, नवऱ्याने गुपचूप केलं हे. बिचारी लाजली! मी कोपऱ्यात बसून तिळगूळ खात होतो. इतका गोड तिळगूळ मी आयुष्यात खाल्ला नाही.

सातला जावईबापू आले. हातात प्लास्टिकची इवलीशी पिशवी, आत चाळिसावं नाणं. चेहरा असा, जणू बाळंतिणीच्या खोलीतून बाळ घेऊन बाहेर आलेत. अल्बम उघडला. आणि तसेच उभे राहिले.

"स्मिता, खालची ओळ कुठे गेली?"

"कुठली ओळ? अहो, नाणी तुम्हीच तर वाणात घातलीत ना?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. अन्वी सोफ्यावरून म्हणाली, "आजोबा, यू आर सो बस्टेड!"

मी छाती काढून म्हणालो, "अहो, डबल होती! दोन-दोन सारखी घेऊन काय करणार होतात?"

ओरडले असते तर बरं झालं असतं हो! पण हा माणूस खुर्चीवर बसला आणि हळू आवाजात सांगायला लागला. "बाबा, सारखी नाहीत ती. नाण्याच्या कडेवर बारीक अक्षर असतं. पी म्हणजे एका टांकसाळीत पाडलेलं, डी म्हणजे दुसऱ्या. चेहरा तोच, टांकसाळ वेगळी. दोन्ही लागतात."

आता मला सांगा, नाणं माणूस तोंडाकडून बघतो की कडेकडून?

"हात्तिच्या! उद्या परत मागून आणतो," मी म्हणालो.

"वाण परत मागणार?" स्मिता किंचाळली. "बाबा, सवाष्णीला दिलेलं वाण कुणी परत मागतं का? मी मंडळात तोंड कसं दाखवू? खबरदार, मागाल तर!"

झाली का पंचाईत? मागितलं तर लेकीचं नाक जातं, न मागितलं तर जावयाची सहा वर्षं जातात. रात्रभर छताकडे बघत पडलो. म्हटलं, मागायचं नाही ना? मग बायकांनी आपणहून आणून दिलं पाहिजे!

सकाळी कुलकर्णीबाईंना फोन लावला. मंडळात एखादी गोष्ट पसरवायची असेल तर त्यांना 'कुणाला सांगू नका' म्हणायचं, खलास.

"वहिनी, कुणाला सांगू नका हं. त्या नाण्यावरचा माणूस बघितलात का?"

"हो, कोण तो?"

"कोण ते सोडा. मेलेला आहे! अमेरिकेत कायदाच आहे, जिवंत अध्यक्षाचं तोंड नाण्यावर छापत नाहीत. आमच्या स्मिताला ठाऊक नव्हतं हो. हळदीकुंकवाच्या वाणात मेलेला पुरुष... तुमचं तुम्ही बघा."

आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं बरं का!

दुपारपासून आमची बेल थांबेना. कुणी टिश्यूत गुंडाळून आणलं, कुणी डबीत. एकीने तर चिमट्यात धरून आणलं! सहाच्या आत अठरा नाणी टेबलावर. स्मिता मात्र रडवेली. मंडळाच्या ग्रुपवर बोभाटा झाला होता की स्मिताने वाणात मढी वाटली.

राहिलं एक. ते खालच्या मजल्यावरच्या फिलोमिनाकडे. ही वसईची, हॉटेलात रिसेप्शनला असते. हळदीकुंकू त्यांच्यात नाही, पण तिळगुळाला पहिली हजर. मीच खाली गेलो.

"फिलोमिना, ते नाणं... मेलेला माणूस आहे गो त्यावर."

"मग काय झालं, काका? आमच्या भिंतीवर सासू-सासरे, आजे-सासरे सगळे मेलेलेच हायत. त्यात हा एक. मी नाय देणार."

"अगं, अपशकुन असतो!"

"काका," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खरं काय ते बोला. मगच देते."

काय करता? बोललो सगळं. ती इतकी हसली की दाराला धरून खाली बसली. नाणं दिलं, आणि मी जिना चढून वर येईपर्यंत माझी सगळी करामत ग्रुपवर टाकून मोकळीही झाली. स्मिताचं नाक वाचलं, माझं गेलं. पहिला फोन कुलकर्णीबाईंचा. त्या काय बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

असो. एकोणीस नाणी तर आली! पण मी उरलेली सगळी वर सरकवली होती ना? आता कुठलं पीच्या भोकातलं आणि कुठलं डीच्या, कुणाला कळणार? जावईबापूंनी माझ्यासमोर भिंग ठेवलं. "लावा, बाबा."

पी आणि डी एवढं इंग्रजी येतं हो मला! गाड्यांच्या पाट्या वाचून पाठ झालंय. बसलो. पहिली जोडी, एक पी, एक डी. दुसरी, पी आणि डी. तिसरी, डी आणि... डी? पुन्हा बघितलं. डीच! पाचवी, डी, डी. आठवी, डी, डी! काही डी मोठे, काही छोट्या लिपीतले, काही पाठमोरे, पण डी तो डी!

मी ताडकन उठलो. म्हटलं, बघा! मी म्हणत होतो, डबल आहेत म्हणून! जावयाला काही न सांगता आधी फोन उचलला आणि मंडळाच्या ग्रुपवर आवाज भरून पाठवला. "ऐका सगळ्या जणी! भिंगातून तपासलंय. निम्म्या जोड्या डबलच आहेत. आमच्या जावयाला अमेरिकनांनी फसवलंय. हा म्हातारा पहिल्यापासून बरोबर होता. यल्ला, चला, आता माफी मागा!"

मिनिटभरात फिलोमिनाचं उत्तर आलं. "काका, माझ्याकडे होतं तेव्हा मी पण कड वाचली होती. नाणं जरा उपडं करून बघा."

केलं उपडं. डी गेला. पी आला.

म्हणजे काही नाण्यांवर ते अक्षर चेहऱ्याच्या हिशेबाने उलटं असतं म्हणे. आणि उलटा पी दिसतो अगदी छोट्या लिपीतला डी! हे कुणी आधी सांगायला नको?

"अन्वी, तो मेसेज पुसून टाक गं पटकन!"

"टू लेट, आजोबा. एव्हरीवन हर्ड इट."

जावईबापू खिडकीकडे तोंड करून उभे होते. खांदे मात्र गदागदा हलत होते. मग येऊन बसले, माझ्याबरोबर एकेक नाणं फिरवून लावलं, आणि चाळिसावं स्वतः अंगठ्याने दाबून बसवलं. टक्!

अल्बम पुरा झाला. आता घरी कुणी पाहुणे आले की जावईबापू तो अल्बम काढतात. पण उघडत नाहीत लगेच. आधी फोन काढतात आणि माझा तो आवाज ऐकवतात, पहिल्यापासून, माफी मागा म्हटलंय तिथपर्यंत.

मग मला म्हणतात, "बाबा, दाखवा आता यांना. सरळ धरून."