सात अर्ज, एक नंबर

मायबापहो, संशयाला आपण दुर्गुण म्हणून दाराबाहेर उभे करतो. आज त्याच संशयाला पाट मांडून प्रतापनगरच्या इंदुताईंची कथा सांगतो. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत दुधाचा एक कारखाना आहे. तिथे नोकरीसाठी आलेल्या अर्जांतून मुलाखतीला कुणाला बोलवायचे, हे गेली अठरा वर्षे इंदुताई ठरवतात. आणि ठरवतात कशा? प्रत्येक ओळीला उलट विचारून, प्रत्येक शिक्का निरखून, प्रत्येक गोड शब्दाकडे तिरके पाहून!

"ताई, देवानं अर्ज केला तर त्याचंही आधार कार्ड मागाल तुम्ही," शेजारच्या टेबलावरचा जितेंद्र म्हणायचा.

"मागीनच! अन् झेरॉक्स नाही, ओरिजनल."

त्या शुक्रवारी दूध तपासणी सहायकाच्या एका जागेसाठी दहा नावांची यादी पाच वाजता साहेबांकडे जायची होती. अर्ज चाळता चाळता इंदुताईंचे बोट थांबले. पारशिवनीकडच्या एकाच गावातल्या सात मुली, सातही अर्जांवर एकच मोबाइल नंबर, आणि सातही जणींचा अनुभव अक्षरशः तोच: दूध संकलन केंद्रात दीड वर्ष तपासणी.

"दलाल आहे कोणीतरी. पोरींना फसवून राहिला," असे म्हणत त्यांनी सातही अर्ज बाद गठ्ठ्यावर ठेवले. पण खरा संशय असा अर्ध्या वाटेत थांबत नाही. त्यांनी तो नंबर फिरवला.

"रामाजी बोलतो. कोन पायजे?"

रामाजी म्हणजे गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारे वयस्कर दुकानदार.

"सात मुलींच्या अर्जावर तुमचा नंबर काहून?"

"मॅडम, आमच्या गावात पोरीचा नंबर कागदावर कोन देते? उद्या कोनी बी रिकामटेकडा फोन करत बसन. घरचेच म्हनतात, रामाजी, तुमचा टाका."

"आणि अनुभव? सातही जणी एकाच केंद्रात होत्या?"

पलीकडचा आवाज खाली आला. "एकटी गोपिका होती. तिचा अर्ज आधी टाइप केला. बाकीच्यायची जागा रिकामी दिसे, म्हून तेच राहू देलं. पोरीयले ठाऊक नाही. साऱ्या माह्याच लेकी हायेत, मॅडम."

काय म्हणावे या मायेला! सहा पाने भरावीत म्हणून हात सैल सोडला, आणि सातवीच्या ताटातला खरा घासही संशयात पडला.

"चार वाजेपर्यंत तिला स्वतःच्या फोनवरून बोलू द्या. नाहीतर सातही बाद. अन् तुम्ही तिच्याजवळ उभं राहायचं नाही!"

पावणेचारला अनोळखी नंबर वाजला. इंदुताईंनी फोन स्पीकरवर टाकला. "मी गोपिका."

"दुधात पाणी आहे, हे कसं ओळखशील?"

"लॅक्टोमीटरनं. पन त्याच्या एकट्यावर माहा भरोसा नाही, मॅडम. दूध कोमट असलं तं चांगलं दूधही पातळ दाखवते. अन् पाणी टाकून वरून साखर मिसळली, तं आकडा बरोबर येते. मी थर्मामीटर लावो, मंग साखरेची टेस्ट करो. लोक म्हनत, पोरगी आहे का पोलीस!"

"तुला मागून कोण सांगून राहिलं?"

"मागं म्हैस आहे, मॅडम."

जितेंद्र फस्सकन हसला. इंदुताई हसल्या नाहीत.

"बाकी सहा जणींचं काय करू?"

"रामाजीनं सांगितलं मले सारं. खोटं तेवढं खोडा, त्यायची नावं नका खोडू. दोघी बी.एस्सी. हायेत."

इंदुताईंनी सहा अर्जांवरच्या अनुभवाच्या ओळी खोडल्या आणि उरलेल्या शिक्षणावर अर्ज पुन्हा तोलले. त्या दोघी पदवीधर यादीत बसल्या. गोपिकाच्या नावाशी मात्र लेखणी थांबली. एवढे नेमके उत्तर? पाठ केलेलेही असू शकते! त्यांनी थेट संकलन केंद्राच्या सचिवांना फोन लावला.

"गोपिका तुमच्याकडे होती ना? मग नोकरी सोडली कशाला?"

"सोडली कुठं? आम्हीच काढलं तिले," सचिव वैतागून म्हणाले. "लईच तपासे. अध्यक्षाच्या भावाचं दूध तीनदा वापस केलं तिनं!"

इंदुताईंनी फोन ठेवला, नवा कागद घेतला, यादी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली, आणि सर्वांत वर गोपिकाचे नाव लिहिले.