खाऱ्या खाचरातली रोपं

उधाणात बांध फुटून खाडीचं पाणी आमच्या खाचरात शिरलं. त्याच उन्हाळ्यात माझे यजमान वारले. वाळलेल्या मातीवर मीठ फुललं होतं, पण मला कशाचंच काही वाटत नव्हतं, भूकही लागत नव्हती.

लावणीला थोरल्या जाऊबाईंनी बादलीत जिवाणू खत कालवलं आणि भाताच्या रोपांची मुळं त्यात बुडवायला घेतली. मी नुसती बघत होते.

"यानं मीठ जाईल?"

"मीठ कुठलं जातंय! हे जीव मुळांशी राहतात. मिठातही तग धरायला रोपाला बळ देतात."

डोळ्यांना न दिसणारे जीव असे कुणाच्या मुळांशी जाऊन राहतात, याचं मला तेव्हाही नवल वाटलं नाही. भेटायला येणारे सगळे 'आता विसर' म्हणायचे. जाऊबाई तसं कधीच म्हणाल्या नाहीत. रोज संध्याकाळी माझ्याजवळ भाजी निवडत बसायच्या.

भाद्रपदात रोपं उभी होती. जरा बुटकी, कडेची काही करपलेली, पण उभी. त्यांच्याकडे बघता बघता मी म्हणाले, "जाऊबाई, भूक लागलीय."

घाईघाईनं शिदोरीचं फडकं सोडून त्यांनी अख्खी भाकरी माझ्या हातावर ठेवली.