दहावा तास

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, पाळकांना नाही, आणि प्रार्थनेत डोळे मिटले तरी याच्या कडेकडेनंच फिरून परत आलो आहे. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? खरं बोलायचं तर — नाही.

आधी एक सांगून टाकतो. मी सुखी माणूस आहे. रडगाणं गायला बसलेलो नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम., एकाही विषयात न अडकता. आर्णीपर्यंत सायकल मारत जायचो, आणि याचा मला आजही अभिमान आहे, लपवत नाही. शाळेत लेखनिकाची नोकरी आहे. पगार झाला की दूधवाल्याआधी, किराण्याआधी दहावा हिस्सा पाकिटात जातो आणि पहिल्या रविवारी ते पाकीट देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जातं. जड मनानं नाही — आनंदानं. मंडळीतल्या नव्या पोरापोरींना ‘विश्वासू कारभारी’ हा पाठ मीच शिकवतो. लोक म्हणतात, देण्याच्या बाबतीत या माणसाकडे बघा.

बघा. पण जरा थांबून बघा.

तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. पराटी, म्हणजे कपाशी, पेरली की माझे बाबा दर दहाव्या तासाच्या टोकाला पांढरी चिंधी बांधायचे. तो तास देवाचा. पहिल्या वेच्याला त्या तासातला कापूस मजुरांनी वेचायचा नाही. बाबा स्वतः मडक्यातल्या पाण्यानं हात धुऊन वेचायचे. हंगामाच्या उपासनेच्या आदल्या दिवशी तो गाठोड्यात बांधून देवळात नेऊन ठेवायचा. आमची एकोणीस घरांची ख्रिस्ती मंडळी, जवळजवळ सगळेच शेतकरी. गाठोड्यावर नाव नसे. कुणाचं मोठं, कुणाचं लहान हे कळू नये म्हणून. पुरुषांना खरंच कळत नसे. बायकांना दारातूनच कळे — कापडावरून. कुणाचं लुगडं कधी फाटलं, त्याचा कोणता तुकडा कुठं गेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कॉलेजात शिकवत नाहीत.

ती वर्षं कापसाची वाईट होती. तुम्ही पेपरात वाचलं असेल; आम्हाला पेपरात यायच्या आधीपासून माहीत होतं. मी पदवी घेऊन घरी बसलो होतो त्या साली पराटी कमरेइतकी वाढली आणि बोंडं अळीनं आतून खाल्ली. निम्मा कापूस कवडी निघाला. कवडी म्हणजे किडकी, पिवळी पडलेली, बोंडातच आवळून बसलेली पाकळी. व्यापारी तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

मी वावरात उभा राहून बाबांना समजावलं. दशांश उत्पन्नावर असतो. उत्पन्न म्हणजे खर्च वजा जाता उरतं ते. बियाणं, खत, फवारणी, वेचाई धरली तर यंदा काही उरतच नाही. कागदावर मांडलं तर उलट देवाकडूनच आपलं येणं निघतं.

बाबा हसले. ‘मंग धाडून दे त्याले बिल,’ म्हणाले. ‘तास त्याचा हाय लेका. पेरला त्याच दिवशी त्याचा झाला. त्यात तुहं बीकॉम कायले घालतं?’

वेचणाऱ्या बाया खदखदून हसल्या. सगळ्यात मोठ्यानं शेवंतामावशी. ‘काय बाबू, देवाले बी कोर्टात खेचतं काय?’

शेवंतामावशी आमची नात्यातली नव्हे, पण अख्ख्या मंडळीची मावशी. विधवा, वावर नाही, मजुरीवर जगायची. तिला तास कुठून असणार? ती चूल पेटवायच्या आधी मूठभर ज्वारी डब्यात काढून ठेवायची आणि रविवारी तो डबा देवळात आणायची. देवळाची किल्ली तिच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. झाडणं, चटया टाकणं, घंटा — सगळं तीच करायची. गावात तिच्या मालकीचं काही नव्हतं. ती किल्लीही तिची नव्हतीच म्हणा, पण ती होती म्हणून पाटलाच्या दारातसुद्धा ती ताठ उभी राहायची.

त्या हसण्याचा मला राग आला होता का? आला होता. पण रागानं केलं असं म्हणणार नाही. राग एका दिवसाचा होता, मी केलं चार दिवसांनी — शांतपणे.

शनिवारी दुपारी बाबा म्हणाले, दहाव्या तासाचा कापूस बांध आणि पोचवून ये. आई घरी नव्हती. बहिणीच्या बाळंतपणाला मुकुटबनला गेली होती. मी गोठ्यात गेलो. टोपल्यात तो पांढराशुभ्र कापूस होता, कोपऱ्यात कवडीचा ढीग होता, आणि दोरीवर एक कापड लटकत होतं. मी ते कापड पसरलं. आत कवडी भरली, वर चार मुठी पांढरा कापूस पसरला आणि गाठ मारली. टोपल्यातला उरलेला कापूस आमच्या विकायच्या ढिगात ओतला. त्या पैशातून स्वतःसाठी वेगळं काही घेतलंही नाही. घेतलं असतं तर निदान बोट दाखवायला एखादी वस्तू तरी असती.

गाठोडं देवळात नेऊन बाकीच्यांच्या खाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर लिलाव. दारव्ह्याचे रहीमभाई दरवर्षी यायचे आणि देवळाचा कापूस बाजारापेक्षा थोडा चढाच घ्यायचे. त्यांची सवय अशी की गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ बाहेर काढायची. मला ही सवय माहीत नव्हती का? होती. पण देवाच्या गाठोड्यात कोण हात घालतो, असं धरून चाललो होतो.

रहीमभाईंनी मूठ उघडली. कवडी. त्यांना राग आला नाही, ते चक्क दुखावले. ‘अरे भाऊ, मले फसवा, चालते. मी व्यापारी हाओ. देवाले कायले फसवून राह्यले?’

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. जांभळं कापड, कोपऱ्यात हिरवं ठिगळ. शेवंतीचं. वेचताना कमरेला बांधायचं, ओटीचं कापड. सोमवारी पुन्हा वेचायला यायचं म्हणून तिनं ते आमच्या गोठ्यातल्या दोरीवर ठेवलं होतं.

तास नसलेल्या बाईचा कापूस म्हणजे कुणाच्या तरी वावरातून उचललेला. आणि तोही कवडी. एका गाठोड्यात दोन आरोप — आणि दोन्ही बांधून दिले होते मी.

ती उभी राहिली. म्हणाली, ‘कापड माह्यं हाय. कापूस माहा नाही.’

‘मंग कापड होतं कुठं तुह्यं?’ कुणीतरी विचारलं.

तिनं आमच्याकडे बघितलं. बाबा आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. आता बोलते, आता बोलते...

‘ध्यानात नाही,’ ती म्हणाली आणि खाली बसली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच बोलायचं होतं. हो. तेव्हाच बोलायचं होतं.

पंच बसले. शिकलेला म्हणून चिटणीस मी. एकटे बाबा तिच्या बाजूनं बोलले, आणि चांगले तावातावानं बोलले. हात थरथरत होते त्यांचे. ‘ही बाई असं करनच नाही. उपाशी राहीन, पण करनार नाही. पाहिजे तर माह्यावर घाला दोष.’ कुणी ऐकलं नाही. किल्ली काढून घ्यायचं ठरलं. ठराव मी लिहिला, वळणदार अक्षरात. ‘अनुचित वर्तन’ हे शब्द माझे. पंचांना ते फार आवडले. मलाही — हे सांगताना लाज वाटते, पण मलाही आवडले होते.

तिनं काळा दोरा मानेतून काढला आणि टेबलावर ठेवला. केसात अडकला होता, तो सोडवायला वेळ लागला.

दोन वर्षं किल्ली दुसऱ्याकडे होती. मावशी मागच्या चटईवर बसायची. ज्वारीचा डबा मात्र एकही रविवार चुकला नाही. मग नवे पाळक आले. ते म्हणाले, ही बाई झाडते तसं देऊळ कुणी झाडत नाही, द्या तिला किल्ली. कुणी आडवं आलं नाही. लोक विसरले होते की त्यांना विसरायचं होतं, कोण जाणे. मावशी पुन्हा पूर्वीसारखी मोठ्यानं हसायला लागली. मला नोकरी लागली, लग्न झालं. पहिल्या पगारापासून दशांश सुरू केला. सुरुवातीला भीतीनं दिला, हे कबूल करतो. मग सवयीनं. मग कधीतरी देताना बरं वाटायला लागलं, आणि ते बरं वाटणं खोटं नाही. बाबा गेले तेव्हा अख्खी मंडळी रडली. सरळ माणूस होता, सगळे म्हणाले.

इथवर सांगून थांबता आलं असतं. पण मला जे सांगायचं होतं ते हे नाहीच. ते पुढं आहे.

बाबा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मावशी आजारी पडली. मी दर आठवड्याला जायचो, बायको भाकरी-भाजी बांधून द्यायची. एके दिवशी टेकून बसली होती, छान बोलत होती, माझ्या टकलावरून मला चिडवत होती. ‘शिकून शिकून केस गेले तुह्ये, बीकॉम!’ मग मध्येच तिचा सूर बदलला.

‘एक सांगतो बाबू. मनात नको ठेवू. त्या साली ते गाठोडं... तुह्या बापानं केलतं.’

मी भाकरीचं फडकं सोडायला लागलो.

‘कापड तुमच्या गोठ्यात होतं. मले माहीत होतं. पण त्या दिवशी म्या पाह्यलं, तुहा बाप एकटाच माह्यासाठी भांडला. हात कापून राह्यले होते त्याचे. तवाच समजलो म्या. मनाले खात होतं त्याच्या. साल तसं होतं, बाबू. तुह्या शिक्षणाचं कर्ज होतं. म्या कोणाले सांगतलं नाही, सांगनार बी नाही. माफ केलं म्या त्याले तवाच.’

बाबांचे हात थरथरत होते ते तिच्यावर अन्याय होतोय म्हणून. आणि तिनं त्याचा अर्थ...

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दोन शब्दांचं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पंच नव्हते, रहीमभाई नव्हते, नोकरी जायची नव्हती. तिनं मला हसून एक टपली मारली असती, इतकंच. कदाचित तेही नाही.

मी म्हटलं, ‘हो मावशी.’

आणि वर — कुणी विचारलं नव्हतं तरी — म्हटलं, ‘बाबा शेवटपर्यंत बोलले नाहीत त्यावर.’

तिनं माझा हात थोपटला. वीस दिवसांनी ती गेली. ज्या माणसानं हात धुतल्याशिवाय देवाच्या कापसाला बोट लावलं नाही, त्याला चोर समजून, आणि माफ करून.

ते गाठोडं माझ्या बापानं बांधलं नव्हतं. मी बांधलं होतं.