फिनेलच्या डब्याचं घुंगरू

धायरीतला आमचा दुकानदार बोलायला कडू. सुटं फिनेल न्यायला मी सरबताची बाटली नेली, तर म्हणाला, "ह्यात देणार नाही. नात सरबत समजून पिईल."

"वर फिनेल लिहून दे की."

"तिला वाचता येतं?"

"दोन वर्षांची आहे."

"मग लिहू कोणासाठी, आजोबा? तुमच्यासाठी?"

मला अक्षर जेमतेम लागतं, हे त्याला ठाऊक. राग आला. त्यानं स्वतःचा डबा भरला, मुठीला घुंगरू बांधलं. "वाजलं की धावा."

मुलगा-सून कंपनीत, घरी मी आणि नात, दोघंच. चौथ्या दिवशी मोरीत घुंगरू वाजलं. मी धावलो. डबा नातीच्या हातात होता, झाकण अजून बंद होतं.

आता डबा माळ्यावर आहे आणि घुंगरू नातीच्या पायात. तिला घेऊन मुद्दाम त्याच्या दुकानावरून जातो. तो ऐकतो. मी काही बोलत नाही, शेफारेल.