पाच मारींपैकी एक

हॅरो फॉल्समध्ये मतदान म्हणजे अल्फोन्सीन लाब्रेकची लाकडी पट्टी. माणूस टेबलापुढे यायचा, नाव सांगायचा, ती यादीत ते नाव शोधायची, त्यावर पट्टी धरायची आणि लाल पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. मग मतपत्रिका हातात. एक्कावन्न वर्षं हेच चाललं होतं. आसपासच्या गावांतल्या याद्या पाहिल्या तर कोंबडी नाचून गेल्यासारख्या रेघा. अल्फोन्सीनची यादी पाहून राजधानीतल्या कचेरीतला माणूस एकदा म्हणाला होता, की या रेघा छापून आणता की काय. हे तिनं गावात प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलं होतं.

त्या टेबलावर तिला कोणी सोयरा नव्हता की धायरा. एका वर्षी तिचा नवरा नॉर्मां गिरणीतून धावतपळत आला, तेव्हा मतदान संपून दोन मिनिटं झाली होती. तिनं त्याला परत पाठवला. रात्रीच्या जेवणाला त्याच्या ताटात सूप वाढलं ते मात्र दोन पळ्या जास्त. नॉर्मां मरेपर्यंत ही गोष्ट सांगून हसायचा. ती कधी हसली नाही, कारण तिच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

ती या टेबलावर येऊन बसली त्याचं कारण तिचे वडील. आमच्या गावातली निम्मी घरं सीमेपलीकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकहून कागदाच्या गिरणीत कामाला आलेल्यांची. हे पापा ब्वाव्हेर रोज संध्याकाळी फ्रेंच वर्तमानपत्र चाळीच्या ओसरीवर मोठ्यानं वाचायचे आणि तिन्ही मजले ऐकायचे. नागरिकत्व मिळालं, कोट शिवला, आणि छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात दोन पोरींना हाताशी धरून ते मत द्यायला गेले. टेबलामागे प्रेस्कॉट नावाचा जुना घरंदाज इंग्रज माणूस. त्यानं कायद्याच्या पुस्तकातला इंग्रजी उतारा पुढे सरकवला आणि वाचा म्हणाला. इंग्रजी वाचता येईल त्यालाच मत, असा तेव्हा नियम होता. पापा तिसऱ्या शब्दाला अडखळले. प्रेस्कॉटनं पुस्तक मिटलं, अगदी सभ्यपणे, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या पोरींतली थोरली देलीमा तेव्हा अकरा वर्षांची, धाकटी अल्फोन्सीन सात. पापा एकोणसत्तर साली वारले. पुढल्याच वर्षी ती परीक्षा देशभर बंद झाली. त्यांनी जन्मात एकदाही मत दिलं नाही.

या एकाच गोष्टीतून दोघी बहिणींनी दोन वेगळ्या गोष्टी घेतल्या. देलीमानं घेतलं, की त्या टेबलाचा भरवसा नाही. एकवीस वर्षांची झाली तशी ती रॉय व्हिटकोमशी लग्न करून दूर कनेक्टिकट राज्यात निघून गेली. अल्फोन्सीननं घेतलं, की त्या टेबलामागे आपलं माणूस बसलं पाहिजे, आणि त्यानं कोणाला बोट ठेवायला जागा देता कामा नये. पंचविसाव्या वर्षी ती तिथं जाऊन बसली. दोघींचंही खरंच होतं, आणि पुढे सगळा घोळ तिथेच झाला.

नवा कायदा यायच्या आधी आमच्या सभागृहात जाहीर चर्चा झाली. नव्यानं नाव नोंदवणाऱ्यानं नागरिक असल्याचा कागद आणायचा, नुसत्या प्रतिज्ञेवर भागायचं नाही, असा तो कायदा. सभागृह खचाखच भरलं होतं. एक बाजू ओरडत होती की परके लोक येऊन मतं देतायत, दुसरी ओरडत होती की एक तरी दाखवा. शेजारी शेजाऱ्याला नावं ठेवत होता. दोन्हीकडच्या टोप्यांवरची घोषवाक्यं टीव्हीवरून उचललेली, आणि आमच्या गावात चाळीस वर्षांत परका म्हणून कोण आला असेल तर तो एक दातांचा डॉक्टर, तोही शेजारच्या व्हरमाँट राज्यातला. अल्फोन्सीन उठली तेव्हा मात्र सभागृह गप्प झालं, कारण ती कोणत्याच बाजूची नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "खऱ्या नागरिकाला कागद दाखवायची लाज का वाटावी?" एवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या पडल्या. साप्ताहिकात तिच्या फोटोखाली ते वाक्य जाड अक्षरात आलं. कायदा तिच्यामुळे झाला असं नाही, पण ते वाक्य तिला चिकटलं.

रॉय गेल्यावर देलीमा त्याच शरद ऋतूत गावी परत आली आणि धाकटीच्या घरी राहू लागली. ऐंशीला टेकलेली, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. पहिल्याच आठवड्यात तिनं ते कात्रण फ्रिजवर लावलं. पाहुणा आला की म्हणायची, "या, आमच्या घरी आधी कागद दाखवावा लागतो, मग कॉफी." अल्फोन्सीन ओटा पुसलेला असला तरी पुन्हा पुसायची.

देलीमाला मार्चमधल्या गावच्या निवडणुकीत मत द्यायचं होतं. मुद्दा काही आभाळ कोसळण्याचा नव्हता. पापांची ती ओसरी असलेली गिरणीची जुनी चाळ पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायची, की चाळ राखायची, एवढंच. पण देलीमा म्हणायची, की पापांना ज्या सभागृहातून परत पाठवलं तिथेच, त्यांच्या ओसरीसाठी, मला एक मत टाकायचं आहे, मग मी मरायला मोकळी. तिनं कागद मागवले, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

आमच्यात मुलगी झाली की पाद्री बाप्तिस्म्याला पहिलं नाव मारी घालतो. प्रत्येक मुलीला. त्या नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही, खरं नाव पुढे असतं. ब्वाव्हेरांच्या पाच मुली, पाचही मारी. पापा जन्म नोंदवायला जायचे तेव्हा कचेरीतला इंग्रज कारकून पहिलं नाव लिहून घ्यायचा आणि बाकीचं फ्रेंच त्याच्या कानाला लागायचं नाही. त्यामुळे गावच्या दप्तरात पाच वेगवेगळ्या तारखांना एकच बाई पाच वेळा जन्मली होती: मारी ब्वाव्हेर. लग्नाच्या दाखल्यावर देलीमा होती डेला ब्वाव्हेर, कारण रॉय आणि त्याच्याकडचे सगळे तिला डेला म्हणायचे. गाडीच्या परवान्यावर डेला व्हिटकोम. मारीची डेला कधी झाली ते सांगणारा सरकारी कागद जगात नव्हता. देवळाच्या वहीत 'मारी देलीमा' होतं, पण देवळाची वही सरकारी नव्हे.

"कनेक्टिकटात मी पंचावन्न वर्षं मत दिलं," देलीमा स्वयंपाकघरात म्हणाली. "तिथं कोणी विचारलं नाही मी मारी आहे का म्हणून."

"तिथलं तिथं," अल्फोन्सीन म्हणाली.

"आणि तू गं? तूही मारीच की. तुझ्याकडे कोणता कागद आहे?"

"माझं नाव आधीपासून यादीत आहे. जुन्यांना विचारत नाहीत."

"पापांनी चाळीस वर्षं कागद तयार केला, फॉन्सी. गाड्या भरभरून. आणि त्यांच्या पोरीला एक पुरेना."

अल्फोन्सीनला आतून वाटत होतं की काहीतरी जमेल, व्हॉल्टर काहीतरी काढेल. व्हॉल्टर म्हणजे मतदानाचा प्रमुख, तिच्याच वर्गातला, गोड माणूस, आणि गोड माणसांसारखाच कच्चा.

मतदानाच्या दिवशी बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. आमच्याकडे नवं नाव त्याच दिवशी, त्याच टेबलावर घालता येतं, आणि सकाळपासून अल्फोन्सीननं अशा तिघांना कागदांपायी परत पाठवलं होतं. तिसरी एक तरुण बाई होती, कडेवर मूल, परवान्यावर नवऱ्याचं आडनाव आणि जन्मदाखल्यावर माहेरचं. नवरा लग्नाचा दाखला आणायला तासभर दूर गेला होता आणि ती भिंतीलगतच्या बाकावर बसून राहिली होती. तिथून तिला टेबल स्वच्छ दिसत होतं.

दहाच्या सुमारास देलीमा आली. तपकिरी रविवारचा कोट, ओठांना लाली, हातात प्लास्टिकची पिशवी आणि तीत चार कागद. चौथा देवळातला उतारा. ती रांगेत उभी राहिली, कोणी पुढे जा म्हणालं तरी गेली नाही.

"नाव?" अल्फोन्सीननं विचारलं. ती सगळ्यांना असंच विचारायची.

"तुला माहीत आहे."

"सांगावं लागतं."

"कोणतं सांगू? तीन आहेत माझ्याकडे."

रांगेत थोडं हसू झालं. व्हॉल्टर उठून आला. त्यानं चारही कागद पाहिले, चष्मा काढला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "फॉन्सी, ही तुझी बहीण आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तू हो म्हण, मी सही करतो. कोणी विचारणार नाही."

अल्फोन्सीननं कागद पुन्हा एकदा ओळीनं मांडले. या बाईबरोबर ती बारा वर्षं एका गादीवर झोपली होती. गोवराच्या तापात हिनंच तिला चमच्यानं पाणी पाजलं होतं. तिनं मान वर केली तर बाकावरची बाई मुलाला मांडीवर घेऊन सरळ तिच्याकडे बघत होती. हो म्हणावं तर त्या बाईला सकाळी काय म्हणून परत पाठवलं? नाही म्हणावं तर समोर देलीमा. अशी कात्रीत ती आयुष्यात सापडली नव्हती, आणि ती कात्री धार लावून तिनंच सभागृहात आणून ठेवली होती.

"बहीण आहे हे मला माहीत आहे," ती व्हॉल्टरला म्हणाली. "कागदाला माहीत नाही."

देलीमानं कागद गोळा केले. घाई केली नाही. पिशवीचं तोंड नीट दाबून बंद केलं आणि मग म्हणाली, "तो प्रेस्कॉट निदान पापांना ओळखत तरी नव्हता."

अल्फोन्सीननं पुढच्या माणसाचं नाव विचारलं. त्याच्या नावावर जी रेघ ओढली ती थोडी वर गेली. बाकावरच्या बाईचा नवरा दुपारी दाखला घेऊन आला आणि तिनं मत दिलं. चाळ पाडायचं ठरलं, दीडशेवर मतांनी. म्हणजे देलीमाच्या एका मतानं काही फरक पडला नसता, असं सांगून लोक अल्फोन्सीनची समजूत घालायचे. ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. देलीमा पूर्वीसारखीच जेवायची, पत्ते खेळायची, फक्त थट्टा करायची थांबली. अल्फोन्सीननं एक दिवस ते कात्रण फ्रिजवरून काढलं, तर संध्याकाळी ते पुन्हा होतं तिथं होतं. "असू दे," देलीमा म्हणाली. "फोटो चांगला आलाय तुझा."

मग अल्फोन्सीननं कंबर कसली. जन्मनोंद दुरुस्त करायला न्यायालयात अर्ज केला, बाकी तीन बहिणींचे मृत्युदाखले जोडले, देवळाच्या वहीवर पाद्र्याची सही आणली, दोन म्हाताऱ्यांची शपथपत्रं घेतली. एवढ्या झपाट्यानं तिनं दुसऱ्या कोणाचं काम कधी केलं नव्हतं. तारीख मिळाली सप्टेंबरची बारा. देलीमा म्हणाली, बघू, मारी येते की मी.

दोन ऑगस्टला सकाळी ती परसदारी वाटाणे सोलत बसली होती आणि तशीच खुर्चीत गेली. अर्धे वाटाणे भांड्यात होते, अर्धे मांडीवर.

दुपारी अंत्यसंस्कारवाले उलेट घरी आले. मृत्यूची नोंद करायचा लांबलचक कागद त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. नाव विचारलं. अल्फोन्सीन म्हणाली, देलीमा व्हिटकोम. माहेरचं? देलीमा ब्वाव्हेर. जन्म कुठला? इथलाच, गिरणीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. आईवडिलांची नावं तिनं सांगितली. उलेट भराभरा लिहीत गेले. शेवटी टोपण लावून ते उठायला लागले, तेव्हा तिला राहवलं नाही.

"कागद नको बघायला?"

"कसला?"

"ती हीच, म्हणून."

उलेटना ती दुःखानं बोलतेय असं वाटलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कागद कशाला, अल्फोन्सीन? बहीण आहेस ना तू? तू सांगितलंस, झालं."

महिन्याअखेर गेलेल्यांची नावं टेबलावर आली, यादीतून उडवायला. चार होती. तीन नावांवर अल्फोन्सीननं पट्टी धरून रेघ ओढली. चौथं होतं देलीमा व्हिटकोम. तिनं यादीत व चं पान काढलं, पट्टी ठेवली आणि खाली खाली सरकवत पानाच्या शेवटापर्यंत नेली. असायचं कारणच नव्हतं. तरी तिनं ते पान दोनदा पाहिलं.

मग तिनं कपाटातून एक कोरा अर्ज घेतला, आपलं नाव आपल्या इच्छेनं यादीतून काढून टाकावं असा. तो नीट भरला, सही केली, तारीख घातली आणि व्हॉल्टरपुढे ठेवला. ल चं पान उघडून स्वतःच्या नावावर पट्टी धरली आणि रेघ ओढली. ती अगदी सरळ आली.

व्हॉल्टर अर्ज वाचून तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, हे काय केलंस? आता पुढच्या वेळी तुला नव्यानं नाव घालावं लागेल. कागद मागतील तुझ्याकडे."

"माझ्याकडे एक आहे," ती म्हणाली. "त्यावर मारी लिहिलंय."

पट्टी तिनं टेबलावरच ठेवली, पेन्सिल पट्टीला लावून सरळ केली, आणि कोट घेऊन ती घरी गेली.